बंड्याचं पाणी

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला पितांबर नाना अहिरे इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात सायकलजवळ उभे होते. त्यांच्या बायकोनं, केसर अक्कांनी, दारातूनच विचारलं, "कुठं निघालात?"

नाना थोडा वेळ सायकलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हवा बघत होतो."

मी त्यांच्या समोरच राहतो, म्हणून एवढं माझ्या डोळ्यांदेखत झालं. पुढचं बरंचसं नानांनी आणि अक्कांनीच मला वेळोवेळी सांगितलं.

नाना एकतीस वर्षं धुळ्यात व्हॉल्व्हमन होते. लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलला आडवी बांधायची, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत सोडून व्हॉल्व्ह फिरवायचा, की देवपुरातल्या एकेका कॉलनीला पाणी सुटायचं. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठ दिवसांनी, कधी नऊ. त्यामुळे व्हॉल्व्हमनचा नंबर घराघरात कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहिलेला असतो. नानांचा फोन दिवसभर वाजायचा. "नाना, आज येईल ना?" "नाना, घरात पाहुणे आलेत हो." नानांचं उत्तर ठरलेलं, "पाळी आली की येईल." त्यांचा एकुलता मुलगा राजदीप, त्याच्या लग्नातसुद्धा त्यांनी टँकर मागवला, पण आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह पाच मिनिटं आधी उघडला नाही.

याला कारण होतं. ते कारण नाना क्वचितच बोलून दाखवत. त्यांचे वडील गावाकडे विहिरीपासून दहा पावलं लांब भांडं घेऊन उभे राहायचे. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार, नाही तर तासभर उन्हात. त्या माणसाचा मुलगा चार हजार घरांचं पाणी सोडत होता. "माझ्या हातून कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही," एवढंच नाना म्हणत.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत फोन वाजायचा थांबला. नवा माणूस आला होता, लीलाधर नावाचा, आणि कॅलेंडरवर आता त्याचा नंबर होता. नानांच्या हाताला मात्र थांबणं माहीत नव्हतं. त्यांनी गच्चीवरची टाकी महिन्यात तीनदा घासली. घरातले सगळे नळ आवळले, इतके की मोरीतल्या नळाचे आटे गेले आणि तो रात्रंदिवस गळायला लागला. दुपारी जेवून आडवे झाले की पाच मिनिटांत उठायचे, फाटकापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघायचे, परत यायचे. अक्का शेवटी म्हणाल्या, "आता या घरातलं काहीही दुरुस्त करू नका. पाया पडते."

अशात जळगावहून बंड्या आला.

राजदीप जळगावला पाइपच्या कारखान्यात आहे. त्याची बायको मृणाली शाळेत शिकवते. तिनं लग्नाआधीपासून एक कासव पाळलं होतं, तळहाताएवढं, कानाशी लाल पट्टा असलेलं, दुकानात विकत मिळतं ते. मृणालीला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, कासवाच्या पाण्यात जंतू असतात, बाळ होईपर्यंत त्यापासून लांबच राहा. मग एका रविवारी राजदीप गाडीत काचेची टाकी, दगड, दिवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला बंड्या घेऊन धुळ्याला आला. सोबत मृणालीच्या अक्षरातला एक कागद. त्यात खाण्याचं वेळापत्रक होतं आणि शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: नाना, पाणी स्वच्छ ठेवा.

नाना तो कागद वाचून हसले. "मला सांगते पाणी स्वच्छ ठेवा!"

टाकीत साठ लिटर पाणी बसलं. पहिल्या दिवशी ते काचेसारखं होतं. तिसऱ्या दिवशी पिवळट झालं, आणि पाचव्या दिवशी बैठकीत शिरणाऱ्याला वास आला. बंड्या खायचा तेवढंच पाण्यात चुरायचा आणि घाणही त्याच पाण्यात करायचा. नानांना ते सहन होईना. एकतीस वर्षांत कुणी "नाना, पाणी गढूळ आलं" म्हटलं की त्यांचा दिवस खराब जायचा, आणि आता गढूळ पाणी त्यांच्याच बैठकीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली भरून ठेवलेलं. त्यांनी टाकी पूर्ण उपसली, घासली, ड्रममधल्या पाण्यानं भरली. तीन दिवसांनी पुन्हा. पुन्हा तीन दिवसांनी.

"पिण्याचं पाणी आहे ते," अक्का म्हणाल्या. "पाळीला अजून चार दिवस आहेत."

"मग त्याला घाणीत ठेवू?"

पुढच्या पाळीच्या दिवशी व्हायचं तेच झालं. पाणी आलं तेव्हा नानांनी आधी कासवाची टाकी रस्त्यावरच्या गटारीत रिकामी केली आणि नळाची नळी थेट टाकीत सोडली. आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरात दीपमाला राहते. नवरा ट्रकवर, घरात सासू आणि ती. तिचं घर टोकाला असल्यामुळे तिच्याकडे पाणी शेवटी पोहोचतं आणि आधी जातं. त्या दिवशी तिचा ड्रम अर्धाही भरला नाही. ती रिकामी घागर घेऊन आली तेव्हा नाना टाकीच्या काचा पुसत होते.

"नाना, तुम्हनं कासव आंघोळ करी राहिनं आनि आम्हना ड्रम रिकामाच शे," ती म्हणाली. गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाली. "तुम्हले काय! तुम्ही व्हॉल्व्हवाला. तुम्हले कोन इचारी?"

अक्का पुढं आल्या, त्यांनी दीपमालाची घागर आपल्या ड्रममधून भरून दिली. दीपमालानं ती घेतलीही. पण शब्द तोंडातून गेला होता. नाना हातातलं फडकं पिळत राहिले. त्यात पाणी उरलं नव्हतं तरी पिळत राहिले.

त्यानंतर त्यांनी टाकीचं पाणी बदललंच नाही. बैठकीत जाणंही टाळायला लागले. सकाळी निघायचे, पांझरा नदीच्या पुलावर जाऊन उभे राहायचे, तिथून बाजारात, बाजारातून एसटी स्टँडवर, आणि कुणी ओळखीचं भेटायच्या आत घरी. अक्कांना गुडघ्यांमुळे टाकी उपसणं शक्य नव्हतं. त्या खायला टाकायच्या, तेवढंच. बाराव्या दिवशी त्यांनीच नानांना हाक मारली. बंड्या दगडावर चढून बसला होता, खात नव्हता, आणि त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. पापण्या फुगून पांढऱ्या दिसत होत्या.

"हे माझ्यामुळं झालं," नाना म्हणाले.

राजदीपनं फोनवर सांगितलं की जळगावला डॉक्टर योगराज म्हणून आहेत, पक्षी-कासवं बघतात. नानांनी डाळीच्या प्लॅस्टिकच्या डब्याला झाकणात भोकं पाडली, आत ओलं फडकं घातलं आणि जळगावची एसटी पकडली. पारोळ्यापर्यंत त्यांनी तो डबा मांडीवर धरून ठेवला. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायचे. शेजारच्या माणसानं विचारलं, "काका, डब्यात काय?"

"पेशंट आहे," नाना म्हणाले, आणि एरंडोल येईपर्यंत तो माणूस अंग चोरून बसला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बंड्याला उलटं केलं, सुलटं केलं, नखं पाहिली. "ही मादी आहे."

"नाव बंड्या आहे."

"असू द्या." त्यांनी डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले, जीवनसत्त्व लिहून दिलं आणि म्हणाले, "औषधानं डोळे उघडतील. पण रोग पाण्यात आहे. कासवाची घाण पाण्यात विरघळते. डोळ्याला दिसत नाही, पण त्याच्या डोळ्यांना लागते. फिल्टर आहे का?"

"फिल्टर मी बनवतो," नाना म्हणाले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जोर आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत सकाळपासून ठोकाठोक सुरू होती. नानांनी जुन्या कूलरचा पंप काढला. रंगाची वीस लिटरची बादली घासून घेतली, तिच्या बुडाशी भोकं पाडली. आत खाली खडी, त्यावर फोडलेल्या कौलाचे तुकडे, त्यावर स्पंज. पंप टाकीतलं पाणी वर बादलीत चढवणार, ते थरांतून झिरपून परत टाकीत पडणार. मला बोलावून त्यांनी सगळं दाखवलं. "जलशुद्धीकरण केंद्रात हेच असतं. फक्त मोठं."

पाणी खरंच निवळलं. बंड्याचे डोळे चौथ्या दिवशी उघडले, आधी उजवा, मग डावा अर्धवट. नाना दिवसातून दहा वेळा टाकीपुढं उभे राहायचे. पण केंद्रात फिल्टरची वाळू वरचेवर धुतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून ते बादली रोज सकाळी उतरवायचे, स्पंज आणि कौलं नळाच्या पाण्यात खसाखसा धुवायचे, आणि संध्याकाळी करमेना म्हणून पुन्हा एकदा. आठवड्यानं टाकीतलं पाणी दूध ओतल्यासारखं झालं. जास्त धुतलं, तर आणखी पांढरं. बंड्यानं पुन्हा खाणं सोडलं.

नानांनी डॉक्टरांना फोन लावला. अक्का शेजारीच भाजी निवडत होत्या.

"नाना, फिल्टर कधी धुता?"

"रोज."

"रोज?"

"दोनदा."

डॉक्टर म्हणाले, "नाना, त्या कौलांवर बारीक जीव धरतात. कासवाची घाण तेच खातात. तुम्ही रोज त्यांना क्लोरिनच्या पाण्यात मारताय. आता असं करा, खायला वेगळ्या टबात घाला. आठवड्यातून एकदा फक्त चौथा हिस्सा पाणी बदला, तेही एक दिवस उघडं ठेवलेलं, म्हणजे क्लोरिन उडून जाईल. आणि पाच आठवडे फिल्टरला हात लावू नका. स्पंज अगदीच तुंबला, तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा."

"आणि रोज काय करू?"

"काही नाही."

"काहीतरी असेल ना."

"काही नाही, नाना."

चौथा हिस्सा म्हणजे पंधरा लिटर, आणि तेही आठवड्यातून एकदा. नानांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. एवढं तर कुणाच्याही पाळीत बसत होतं. आतापर्यंत त्यांनी किती ओतलं होतं गटारीत!

ते पाच आठवडे नानांना फार जड गेले. पंपाचा आवाज जरा बदलला की ते उठायचे. बादलीचं झाकण उचलायला हात जायचा. अक्कांनी एक दिवस सुतळी घेतली आणि झाकण बादलीला बांधून टाकलं, गाठीवर गाठ मारून. "आता उघडा," म्हणाल्या. नाना मग घराबाहेर पडायचे, आणि पाय त्यांना बरोबर त्याच चेंबरकडे न्यायचे जिथं लीलाधर व्हॉल्व्ह फिरवत असेल. उभे राहून सांगायचे, "सावकाश. झटका देऊ नको, लाइन फुटते." लीलाधर बिचारा ऐकून घ्यायचा.

एका पाळीच्या दिवशी लीलाधर आमच्या गल्लीत आला. नाना फाटकात होते, दीपमाला समोरून पाण्याची नळी ओढत चालली होती. लीलाधरला वाटलं, नानांना खूश करावं. "नाना, तुमच्या गल्लीला पाच-दहा मिनिटं जास्त सोडू का? कासवासाठी?"

नानांचा चेहरा असा झाला की मी माझ्या ओट्यावरून उठून उभा राहिलो.

"माझ्या दारात उभा राहून असं बोलू नकोस," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी कुणाचं एक मिनिट घेतलं नाही. तुला चावी दिली ती यासाठी? पुढच्या कॉलनीतली बाई घागर घेऊन बसली असेल. जा, तिचा व्हॉल्व्ह उघड."

लीलाधर सायकलवर बसून गेला. दीपमाला नळी हातात धरून तशीच उभी होती. नळीतून पाणी तिच्या पायावर सांडत होतं, ते तिच्या ध्यानात नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाना टाकीतलं काढलेलं पंधरा लिटर पाणी घेऊन गटारीकडे निघाले, तेव्हा ती आडवी आली.

"नाना, ते पानी गटारमा नका टाका. मन्ही मेथीले द्या."

तिनं घरामागं फुटक्या टबांमध्ये मेथी, कढीपत्ता, दोन वांगी लावली होती. नानांनी बादली तिच्या हातात दिली. माफी कुणी मागितली नाही. मात्र पुढच्या आठवड्यापासून त्या पाण्यावर दीपमालाचाच हक्क झाला. महिन्याभरात तिची मेथी अशी फोफावली की तिनं गल्लीत सगळ्यांना एकेक जुडी वाटली. कासवाच्या पाण्यावरची भाजी म्हणून अक्कांनी ती तीन पाण्यांत धुतली आणि चांगली शिजवून खाल्ली.

पाचव्या आठवड्यात टाकी निवळली. नानांनी वर्तमानपत्र टाकीच्या मागं धरलं आणि पुढून मथळा मोठ्यानं वाचून दाखवला. मग बारीक अक्षरं वाचायला लागले. अक्का म्हणाल्या, "चष्मा लावा, पाण्याचा दोष नाही."

त्याच सुमारास मृणाली बाळंत झाली. मुलगी झाली. मृणालीला आई नाही, त्यामुळे अक्का गाठोडं बांधून जळगावला गेल्या ते तीन महिन्यांसाठी. नाना पहिल्या दिवशी गेले, कासवाचे जंतू नकोत म्हणून नातीला लांबूनच बघितलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. बंड्याला खायला कोण घालणार? दोन दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा आले. अडीच तास जायला, अडीच यायला. जळगावात असले की धुळ्याची टाकी डोळ्यांपुढं, धुळ्यात असले की नातीचं रडणं कानात. अंगानं निम्मे झाले.

राजदीप म्हणाला, "बाबा, त्याला पांझरेत सोडून द्या ना. सगळे तेच करतात."

"तिथल्या कासवांचं काय? हे परदेशी आहे, त्यांचं खाणं खाईल. डॉक्टरांनी बजावलंय."

"मग कुणाला तरी देऊन टाका."

मृणाली आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "नाना, तुमची फार ओढाताण होतेय. तो माझा आहे, मी शोधते कुणीतरी." बोलताना तिचे डोळे भरून आले. नाना म्हणाले, "तू आता फक्त झोप काढ. बाकी मी बघतो," आणि बघायचं काय हे न कळल्यामुळे एसटीत बसले.

उपाय दीपमालानंच काढला. नानांना दोन दिवसांत दुसऱ्यांदा पिशवी घेऊन निघताना बघून तिनं हटकलं. "नाना, कितला फिरशात? चाबी दी जा. मी खावाले टाकसू."

नानांनी तिला अर्धा तास समजावलं. कागदावर लिहून दिलं. हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे. टबात किती वेळ ठेवायचं. फिल्टरला हात लावायचा नाही, हे त्यांनी तीनदा लिहिलं. मग चार दिवसांसाठी जळगावला गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी दीपमालाला पाच वेळा फोन केला. पाणी कसं दिसतंय? पंपाचा आवाज बारीक येतोय की जाड? दगडावर चढली का? दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत दोनदा. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा दीपमालानं त्यांना बोलूच दिलं नाही.

"नाना, आते परत फोन कया ते मी फिल्टर धुई टाकसू!"

मृणाली शेजारी होती. फोनमधलं तिला सगळं ऐकू आलं आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदाच ती खळखळून हसली, इतकी की अक्कांना तिचे टाके उसवतील की काय अशी काळजी वाटली. नानांनी फोन खिशात ठेवला. दिवसभर तो खिशातून बाहेर आला, परत गेला, पण लागला नाही.

आता नाना सोमवारी जळगावला जातात आणि गुरुवारी येतात. बंड्या चांगली वाढली आहे. डाव्या डोळ्याची पापणी थोडी मिटलेलीच राहिली, ती तशीच राहणार असं डॉक्टर म्हणाले. मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत कासव धुळ्यातच ठेवायचं, असं मृणालीनं ठरवलं आहे, आणि नानांनी त्याला हरकत घेतलेली नाही. जळगावात राजदीपच्या इमारतीची पाण्याची टाकी त्यांनी एकदा वर चढून पाहिली. त्या दिवसापासून तिथले लोक त्यांना दर आठवड्याला विचारतात, "नाना, कधी धुवायची?"

नाना झाकण उघडतात, वास घेतात, आत वाकून बघतात. परवा म्हणे ते झाकण लावून खाली उतरले आणि म्हणाले, "सध्या राहू द्या."